नोंदीबाहेरच्या कामाचा न्याय

एखादा माणूस चार दिवस गावाला जातो, तिथे राबतो आणि परत येतो. त्याने केलेल्या कामाची दखल कोणी घ्यायची आणि कशी, हा प्रश्न तसा जुनाच आहे. फिरतीवरच्या कारकुनाला तो पडत होता, शिरगणतीच्या गणकाला पडत होता. संगणकाच्या युगात तोच प्रश्न नवा वेष करून आपल्यापुढे उभा राहिला आहे. मात्र तो फक्त संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आहे, अशी सोयीस्कर समजूत करून घेऊन आपण कलाशाखेची मंडळी स्वस्थ बसलो आहोत. ही समजूत चुकीची आहे, असे माझे नम्र पण स्पष्ट मत आहे. ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

विषय थोडा उलगडून सांगते. अनेक जण मिळून एकाच लिखाणावर काम करू लागले, की कोणाची प्रत खरी, हा तंटा उभा राहतो. तो मिटवण्यासाठी संगणकवाल्यांनी आवृत्ती-नियंत्रण नावाची व्यवस्था काढली. एका मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, सगळ्या फाइलींचे एक कोठार असते. तिथे प्रत्येक बदल क्रमांकाने, तारखेने, बदल करणाऱ्याच्या नावाने आणि एका छोट्या टिपणीने नोंदला जातो. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी पुसली जात नाही. नवी जुनीच्या शेजारी ठेवली जाते. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये अशी एक पद्धत तयार केली. पुढे १९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी दुसरी, अधिक सुटसुटीत पद्धत आणली. या जुन्या पद्धतींत शिस्त कडक होती. एकाने फाइल बदलण्यासाठी घेतली, की तिला कुलूप लागे आणि ती परत येईपर्यंत इतरांनी वाट पाहायची. ग्रंथालयात एकच प्रत असलेला संदर्भग्रंथ ज्याने मिळवला त्याच्या टेबलाभोवती आपण परीक्षेच्या तोंडावर जशा घिरट्या घालतो, तसाच हा प्रकार.

ही कोंडी फोडणाऱ्यांपैकी एक जण आपल्यासारखाच महाविद्यालयीन जगातला होता, हे आपल्या वाचकांना आवडेल. ॲम्स्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातील प्राध्यापक डिक ग्रून हे १९८४-८५ मध्ये आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर एका संगणकीय प्रकल्पावर काम करत होते. तिघांच्या वेळा जुळेनात. एक विद्यार्थी नियमाने नऊ ते पाच काम करणारा, दुसऱ्याच्या वेळेला धरबंध नाही, आणि खुद्द प्राध्यापकांना सवड मिळे ती संध्याकाळी. मग एकाने लावलेल्या कुलपापुढे दुसऱ्याने का थांबावे? ग्रून यांनी अशी रचना केली, की तिघांनी आपापल्या प्रतीवर आपापल्या वेळी काम करावे आणि नंतर त्या प्रतींचा मेळ घालावा. हीच 'सीव्हीएस' या नावाने १९८६ मध्ये जगापुढे आली. तिच्या मुळाशी असलेला विश्वास मला फार मोलाचा वाटतो. माणसे एकाच वेळी एकाच खोलीत नसतील, तरी त्यांचे काम एक होऊ शकते, हा तो विश्वास.

पण विश्वास ठेवला म्हणजे मेळ आपोआप बसत नाही. खरी कसोटी लागते ती माणूस सर्व्हरच्या संपर्काबाहेर गेला म्हणजे.

आमच्या मराठी विभागात काही विद्यार्थी अहिराणी शब्दांचे संकलन करतात. धुळे, नंदुरबार, जळगाव आणि नाशिक जिल्ह्याचा बागलाण-मालेगावकडचा भाग हा अहिराणीचा मुलूख. गावोगाव जाऊन शब्द, त्यांचे अर्थ, वाक्यातले उपयोग आणि बोलणाऱ्यांचे ध्वनिमुद्रण गोळा करायचे, असे हे काम आहे. ध्वनिफिती बोजड असल्यामुळे संगणकशास्त्र विभागातल्या मित्रांनी आम्हांला 'परफोर्स' नावाची व्यवस्था बसवून दिली. ख्रिस्तोफर सायवाल्ड यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था, मोठमोठ्या फाइली सांभाळण्यात पटाईत म्हणून विशेषतः संगणकीय खेळ बनवणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. हिचा स्वभाव जुन्या वळणाच्या हेडक्लार्कसारखा आहे. सर्व्हरकडे एक वही असते. कोणाच्या संगणकावर कोणत्या फाइलीची कितव्या क्रमांकाची आवृत्ती गेली आहे, हे तीत टिपलेले असते. तुमच्याकडे आलेल्या फाइली सामान्यतः 'फक्त वाचण्यासाठी' असतात. बदल करायचा, तर आधी सर्व्हरला तसे कळवायचे. मग तो फाइल लिहिण्यासाठी मोकळी करतो आणि तुमचे नाव वहीत मांडतो.

आता साक्री तालुक्याच्या डोंगराळ भागातल्या वाडीवर बसलेल्या विद्यार्थ्याने सर्व्हरला कसे कळवावे? तिथे फोनला आवाज येत नाही, मग इंटरनेटची गोष्टच सोडा. समोर आजी बोलते आहे, शब्दामागून शब्द येत आहेत. तो काय करतो? फाइलीवरचा 'फक्त वाचा' हा शिक्का स्वतः काढून टाकतो आणि लिहू लागतो. त्याने योग्य तेच केले, असे मी म्हणेन. परंतु सर्व्हरच्या वहीत या मेहनतीची अक्षरशः एकही ओळ नाही. त्याच्या लेखी हा विद्यार्थी अकरा दिवस काही न करता बसून होता.

अशा प्रसंगासाठी परफोर्समध्ये एक आज्ञा आहे. तिचा भावार्थ असा : 'संपर्काबाहेर केलेल्या कामाचा मेळ घाला.' ती दिली म्हणजे तुमच्या संगणकावरच्या फाइली आणि वहीप्रमाणे तुमच्याकडे असायला हव्या होत्या त्या आवृत्त्या यांची तुलना होते. मग तीन प्रकारच्या नोंदी समोर येतात. जी फाइल दोन्हीकडे आहे पण आतून वेगळी आहे, ती 'बदललेली'. जी तुमच्याकडे आहे पण कोठारात नाही, ती 'नवी'. आणि जी कोठारात आहे पण तुमच्याकडे सापडत नाही, ती 'काढून टाकलेली'. एक गेलेली आणि एक आलेली फाइल पुरेशी सारखी दिसली, तर हे नामांतर किंवा स्थलांतर असावे, असाही अंदाज ते यंत्र बांधते. मुख्य म्हणजे, प्रत्यक्ष नोंद करण्यापूर्वी ही यादी नुसती पाहण्याचीही सोय आहे.

इथेच माझ्या मताचा गाभा येतो. ही यादी म्हणजे निकाल नव्हे. ती प्रश्नपत्रिका आहे. आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती निकालपत्र समजून वाचली जाते.

तिसरा प्रकारच पाहा. फाइल सापडत नाही म्हणून ती 'काढून टाकली' असे यंत्र म्हणते. त्याचा दोष नाही. त्याला फक्त नसणे दिसते, नसण्यामागचे कारण दिसत नाही. आमच्याकडे एकदा मेळ घालताना यादीत ध्वनिफितींचा एक सबंध गठ्ठा 'काढून टाकलेला' म्हणून आला. तो कोणीच काढून टाकला नव्हता. लॅपटॉपवर जागा संपली, म्हणून गावातच तो पेनड्राइव्हवर हलवला होता. यादी आधी नुसती पाहिली म्हणून हे ध्यानात आले. तशीच पुढे ढकलली असती, तर जागेच्या टंचाईचे रूपांतर एका अधिकृत निर्णयात झाले असते, आणि तेही एका विद्यार्थ्याच्या नावावर. नसणे आणि खोडणे यांतला फरक व्याकरणाच्या वर्गात कोणीही सांगेल. एक अकर्मक, दुसरे सकर्मक. खोडायला कर्ता लागतो. यंत्र त्या रिकाम्या जागी आपल्या नावाचा कर्ता घालून मोकळे होते.

आता पहिला प्रकार, 'बदललेली' फाइल. बाहेर गेलेल्याने काही बदलले असेल आणि त्याच काळात इथे राहिलेल्यानेही त्याच फाइलीत काही बदलले असेल, तर दोन्ही हात एकाच जागी येतात. तेव्हा यंत्र तीन प्रती पुढे मांडते : दोघांनी जिथून सुरुवात केली ती मूळ प्रत, 'त्यांची' प्रत आणि 'तुमची' प्रत. बदल वेगवेगळ्या ओळींत असतील, तर ते स्वतःच दोन्ही एकत्र करून देते. एकाच ओळीवर असतील, तर निर्णय तुमच्यावर सोपवते. 'त्यांची घ्या', 'तुमची घ्या', किंवा 'हाताने जुळवा'.

आमच्या संकलनातला एक प्रसंग या संदर्भात सांगण्यासारखा आहे. अहिराणीत 'आंडोर' म्हणजे मुलगा आणि 'आंडेर' म्हणजे मुलगी. एका मात्रेचा फरक. काही मंडळी गावांत असताना इथे विभागात बसलेल्या एका सहाध्यायाच्या नजरेला या दोन नोंदी पडल्या. त्याला वाटले, दुसरी ही पहिलीचीच टंकलेखनातली चूक. त्याने मोठ्या कर्तव्यबुद्धीने 'आंडेर' खोडून 'आंडोर' केले आणि नोंद एकच ठेवली. तिकडे गावात त्याच 'आंडेर'पुढे मायलेकींच्या बोलण्यातली वाक्ये भरली जात होती. मंडळी परत आली आणि टक्कर झाली. संगणकापुढे बसलेल्याचे म्हणणे सरळ होते : 'सर्व्हरवर आहे ते तपासलेले आहे, तेच घ्या, बाहेरून आलेले पुन्हा भरता येईल.'

हे ऐकायला किती शहाणपणाचे वाटते! मध्यवर्ती प्रत अधिकृत, बाहेरची संशयास्पद. पण क्षणभर थांबून विचार केला, की यातला अन्याय दिसू लागतो. कोठारातली प्रत आज बाजूला ठेवली, तरी ती हरवत नाही. तिचा क्रमांक, तिची तारीख, तिची टिपणी सगळे तिथेच राहते. उद्या चूक कळली तर एका आज्ञेत ती परत आणता येते. बाहेरून आलेली प्रत मात्र अजून कोठारात शिरलेलीच नाही. तिची एकुलती एक प्रत त्या लॅपटॉपवर आहे. ती 'त्यांची घ्या' म्हणून पुसली, तर ती कोणत्याही क्रमांकाखाली सापडणार नाही. जे नोंदले गेले ते पुन्हा मिळते. जे नोंदले गेले नाही ते जगात एकदाच असते. म्हणजे दोन पक्ष समान नाहीत. एकाला अपिलाची सोय आहे, दुसऱ्याला थेट फाशी आहे. अशा वेळी न्याय म्हणजे दोघांना एकाच काट्यात तोलणे नव्हे. ज्याला दुसरी संधी नाही त्याला आधी सुरक्षित जागी नेणे, हाच न्याय.

आणि तशी जागा आहे. परफोर्समध्ये अंतिम नोंद न करताही आपले बदल सर्व्हरवर एका फडताळात ठेवता येतात. ते इतरांना पाहता येतात, पण मुख्य कोठाराला त्यांचा धक्का लागत नाही. मग सावकाश बसून भांडावे! आमच्याकडे शेवटी तेच झाले. गावात गेलेल्यांना शेजारी बसवले, ध्वनिफीत लावली, आणि मुलीला हाक मारणारी आई ऐकल्यावर वादाला जागाच उरली नाही. दोन्ही नोंदी राहिल्या. पण ती ध्वनिफीत नसती आणि गावात गेलेली मंडळी त्या दिवशी रजेवर असती, तर आमच्या संग्रहातून अहिराणीची मुलगी नाहीशी झाली असती. यंत्राने तक्रार केली नसती आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

इथे काही जण म्हणतील, हा सगळा परफोर्सच्या जुनाट स्वभावाचा परिणाम आहे. 'गिट' वापरा, प्रश्नच मिटेल. २००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले. त्यात प्रत्येकाच्या संगणकावर कोठाराची संपूर्ण प्रत, सगळ्या इतिहासासह असते. त्यामुळे डोंगरावर बसूनही बदल रीतसर नोंदता येतात. संपर्काबाहेर असणे हा तिथे गुन्हाही नाही आणि अपवादही नाही. ही मोठीच सोय आहे. वर सांगितलेला एकुलत्या प्रतीचा धोका तिने पुष्कळ कमी होतो, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण प्रश्न मिटतो काय? परत आल्यावर आपले बदल सामाईक ठिकाणी चढवायला गेलात आणि दरम्यान दुसऱ्याने काही चढवले असेल, तर गिटही अडवते आणि आधी मेळ घाला म्हणते. तिथेही जबरीने आपली प्रत पुढे रेटण्याची आज्ञा आहेच. शिवाय गिट नामांतराची नोंद मुळीच ठेवत नाही. दोन फाइली साधारण निम्म्याहून अधिक सारख्या दिसल्या, तर नाव बदलले असावे, असे ते पाहण्याच्या वेळी ताडते. तात्पर्य, हत्यार बदलले तरी 'हे वेगळे का झाले?' या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडे नाही. ते माणसाकडेच आहे.

आपल्या मराठीच्या बाबतीत तर यंत्राची आणखीच पंचाईत होते. 'तऱ्हा' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकित करता येतो. कोणी त्यासाठी नुक्त्याचा 'ऱ' वापरतो, कोणी साध्या 'र'ला एक अदृश्य जोडखूण लावतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात; यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये; पण कितीतरी ठिकाणी ते अजून 'अ'वर चंद्र चढवून लिहिले जाते. त्यात विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा ठेवते आणि लिनक्स एकच. नीट काळजी घेतली नाही, तर एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताच सबंध फाइल, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, 'बदललेली' दिसू लागते. म्हणजे यंत्र एकीकडे जिथे काहीच बदलले नाही तिथे शंभर बदल दाखवते, आणि दुसरीकडे 'आंडोर-आंडेर' यांतल्या जमीन-अस्मानाच्या फरकाला एका मात्रेचा बदल समजते. त्याला फरक मोजता येतो, फरकाचे मोल कळत नाही.

इतकेच नव्हे, यंत्राने जिथे बिनतक्रार मेळ घातला तिथेही मेळ बसला असेलच असे नाही. समजा, इथे बसलेल्यांनी प्रस्तावनेत नियम बदलला : यापुढे अर्थ आधी, उदाहरण नंतर. बाहेर गेलेल्यांनी जुन्या नियमाने, उदाहरण आधी देऊन, चाळीस नोंदी भरल्या. ओळी वेगळ्या, म्हणून यंत्राच्या मते टक्कर नाही. दोन्ही गोष्टी निमूटपणे एका फाइलीत नांदू लागतात. एकमेकांशी बोलत नसलेल्या दोन भावांनी एकाच घरात राहावे, तसे. भांडण दिसत नाही, पण घर एक राहिलेले नसते.

वाणिज्य शाखेतले माझे मित्र म्हणतात, यात एवढे तत्त्वज्ञान कशाला? आम्ही बँक जुळवणी पत्रक करतो. आमची रोखवही आणि बँकेचे पासबुक यांत फरक आला, की कारण शोधतो, दुरुस्ती करतो, विषय संपला. त्यांचे निम्मे म्हणणे मला पटते. कारण शोधल्याशिवाय ते आकडा बदलत नाहीत, हा त्यांचा धडा आपण घ्यावा. पण त्यांच्याकडे शेवटी शिल्लक एकच असते. भाषेच्या कामात दोन्ही शिलका खऱ्या असू शकतात.

हे आपल्या परंपरेला नवीन नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. हातोहाती उतरत गेलेल्या प्रतींतला मेळ घालण्याचेच ते काम होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे केले. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या हस्तलिखितांची तुलना केली, एक पाठ निवडला. पण न निवडलेले पाठ त्यांनी फेकून दिले नाहीत. ते त्याच पानावर तळटीपांत छापले. निवड करण्याची जबाबदारीही घेतली आणि आपली निवड तपासण्याचे साधनही वाचकाच्या हाती ठेवले. संगणकवाले ज्याला मेळ घालणे म्हणतात, त्याची याहून चांगली व्याख्या मला सापडत नाही. मग ज्या विद्याशाखेने पाठभेदांचा आदर करायला शिकवले, तिच्याच विद्यार्थ्यांनी संगणकापुढे बसताच 'त्यांची घ्या' नाहीतर 'तुमची घ्या' यांतले एक बटण दाबून मोकळे व्हावे काय?

टीका केली, आता उपायही सांगितले पाहिजेत. माझ्या अल्पमतीप्रमाणे चार पथ्ये पाळली, तरी पुष्कळ साधेल. पहिले, बाहेर पडण्यापूर्वी कोठारातून ताजी प्रत घ्यावी, म्हणजे मूळ प्रत दोघांचीही जवळजवळ एकच राहते. दुसरे, परत आल्यावर आधी आपल्या बदलांची यादी पाहावी आणि मगच इतरांचे बदल उतरवून घ्यावेत. ही उलटापालट फार महागात पडते. परफोर्स सहसा हाताने मोकळ्या केलेल्या फाइलीवर आपण होऊन लिहीत नाही. पण जबरीची आज्ञा दिली, की तेही पाहत नाही. तिसरे, 'काढून टाकलेल्या' प्रत्येक नावापुढे थांबून विचारावे : हे कोणी काढले, आणि का? उत्तर मिळाले नाही, तर ती फाइल जागच्या जागी राहू द्यावी. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्याने बाहेर काम केले त्याला मेळ घालताना शेजारी बसवावे. त्याच्या गैरहजेरीत त्याच्या कामाचा निवाडा होऊ नये. ध्वनिफितींसारख्या फाइलींचा तर ओळींसारखा मेळ घालताच येत नाही; तिथे दोन्ही प्रती ठेवून माणसांनीच ऐकून ठरवावे लागते.

या सगळ्याला वेळ लागतो, हा आक्षेप मला ठाऊक आहे. लागतो खराच. अकरा दिवसांच्या कामाचा मेळ घालायला एक दुपार जाते. पण ती दुपार वाचवून आपण काय मिळवतो? नोंद करताना टिपणीच्या चौकटीत 'इतर बदल' एवढे दोन शब्द लिहिणारे महाभाग मी पाहिले आहेत. पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याला त्या दोन शब्दांतून काय उमगणार? 'साक्रीकडची वाक्ये घातली, आंडेर ही वेगळी नोंद कायम ठेवली, आधार अमुक ध्वनिफीत' असे एक वाक्य लिहिले, तर तो वाद पुन्हा उकरावा लागणार नाही. टिपणी ही त्या फाइलीची तळटीपच आहे.

आणि बाहेर जाणाऱ्यांनाही एक सांगावेसे वाटते. आपण गावात गेलो, उन्हातान्हात फिरलो, म्हणून आपलीच प्रत खरी, हा अहंकारही तितकाच वाईट. आपण नव्हतो तेव्हा इथे बसलेल्यांनीही डोळे फोडून काम केले आहे. चुका काढल्या आहेत, नियम सुधारले आहेत. जबरीने आपली प्रत त्यांच्यावर लादणे म्हणजे आपल्यावर होणारा अन्याय दुसऱ्याच्या माथी मारणे. मेळ या शब्दात दोघे जण गृहीत आहेत. एकटा माणूस मेळ घालू शकत नाही.

आज आपल्या महाविद्यालयात वार्षिकांकापासून शब्दसंग्रहापर्यंत सारेच काम संगणकावर होते. उद्या आपल्यातले कोणी वृत्तपत्रांत जातील, कोणी प्रकाशनसंस्थांत, कोणी अभिलेखागारांत. तिथे कोठार मोठे असेल, सर्व्हर दूर असेल, आणि संपर्काबाहेरून येणारी माणसे तर नेहमीच असतील. त्यांच्या झोळीतला माल वहीत नाही, म्हणून तो अस्तित्वातच नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. आपण तरी तसे म्हणू नये. आधी तो माल फडताळात नीट ठेवावा, मग आणणाऱ्याला पाणी विचारावे, आणि मग दोघांनी मिळून वही उघडावी.